माळकरी आईसाठी गिबानित्सा

पोस्टिंग संपलं की फौजी माणसाच्या काळ्या ट्रंकेत कपड्यांबरोबर काहीतरी खायचं घरी येतंच. लेहहून जर्दाळू आले. बिकानेरहून भुजिया आणि सुकवलेली सांगरी आली. नागालँडहून राजा मिरचीचं लोणचं आणलं होतं, ती बरणी आमच्या आळीत अजून कुणाला संपवता आलेली नाही. लेबनॉनहून मात्र मी एक कृती घेऊन आलो, आणि तीही लेबनॉनची नाही, सर्बियाची. पदार्थाचं नाव गिबानित्सा. पातळ पाऱ्यांच्या थरांत चीज, साय आणि अंडी घालून भट्टीत भाजलेला खारा पदार्थ. आईला हे नाव अजून म्हणता येत नाही. ती म्हणते, "तुझं ते गिबानं."

सर्बियाचा पदार्थ लेबनॉनमध्ये कसा भेटला, ते आधी सांगतो. दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना, म्हणजे युनिफिल, १९७८ पासून आहे. आपली बटालियन तिथे १९९८ पासून जाते. आपलं ठाणं पूर्व सेक्टरमध्ये, एबेल एस साकी गावाजवळ. समोर हर्मोन पर्वत, हिवाळ्यात डोक्यावर बर्फ घेऊन उभा. सेक्टरचं मुख्यालय जवळच मार्जायूनच्या बाजूला, स्पॅनिश लोकांच्या मोठ्या कॅम्पात, आणि त्याच कॅम्पात स्पॅनिशांबरोबर सर्बियाचे जवान. मी सिग्नल्सचा माणूस, तेव्हा नायब सुभेदार. २०१६-१७ मध्ये रेडिओ आणि लाइनच्या कामासाठी आठवड्यातून तीन-चारदा तिकडे फेरी व्हायची. तिथल्या सर्बियन सिग्नलवाल्याशी माझी गट्टी जमली. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या हुद्द्यात 'वोदनिक' हा शब्द होता, म्हणजे सार्जंट, आपल्या हवालदारासारखा. आमची पोरं त्याला वोदनिकच म्हणायची. तो मला 'कोमशिया' म्हणायचा, म्हणजे शेजारी.

इंग्रजी आमचं दोघांचं सारखंच, कामापुरतं. पण हळूहळू कळलं की बरेच शब्द दोघांच्याही घरात आहेत. चहाला ते चाय म्हणतात, साखरेला शेचेर, साबणाला सापुन, तव्याला तावा. विस्तवाला ओगान्य, म्हणजे आपला अग्नीच. एक शब्द मात्र गोंधळाचा. चीजला सर्बियन भाषेत 'सिर' म्हणतात. पहिल्यांदा त्यांच्या कुकहाउसमध्ये गेलो तेव्हा आतून कुणीतरी "सिर! सिर!" ओरडलं आणि माझ्याबरोबरचा जवान टाचा जुळवून ताठ उभा राहिला. पुढे महिनाभर सर्बियन लोक त्या पोराला चीज दाखवून सलाम ठोकत होते.

भारताचं नाव निघालं की वोदनिक एक नाव घ्यायचा, जनरल नंबियार. युगोस्लाव्हिया फुटत होता तेव्हा, मार्च १९९२ ते मार्च १९९३, तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले फोर्स कमांडर आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, १९७१ च्या युद्धातले वीर चक्र विजेते. वोदनिक तेव्हा शाळकरी पोरगा. बातम्यांत रोज ऐकून त्याला ते नाव पाठ झालं होतं. मी सांगितलं की ती पलटण आमच्या मुलखाची, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत धावणारी, तेव्हा त्याने ते वाक्य मला तीनदा म्हणायला लावलं.

६ मे २०१७ ला शनिवार होता. त्या दिवशी वोदनिकच्या घराण्याची 'स्लावा' होती. सर्बियन घरांत प्रत्येक घराण्याचा एक संत असतो. तो बापाकडून मुलाकडे जातो. वर्षातून एक दिवस त्याचा. घरात मेणबत्ती लावतात, खास पाव करतात, साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू येणाऱ्या प्रत्येकाला चमचाभर देतात. युनेस्कोनेही २०१४ मध्ये या प्रथेची सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. मला हे समजायला काहीच कष्ट पडले नाहीत. हे तर आपलं कुलदैवत आणि कुळाचार. त्याने मांडलेल्या तसबिरीत संत जॉर्ज घोड्यावर बसून भाल्याने राक्षसी सापाला मारत होता. मी म्हणालो, "हा घोड्यावरचा देव आमच्याही घरात आहे, पालीचा खंडोबा." फोनवर त्याला खंडोबाचं चित्र दाखवलं. त्याने दोन्ही घोडे नीट निरखले आणि म्हणाला, "तुमचा घोडा जास्त खाल्लेला दिसतो."

त्या दिवशी गिबानित्सा करायची होती, आणि मी सकाळपासून त्याच्या हाताखाली होतो. पातळ पाऱ्या मार्जायूनच्या दुकानातून आणल्या होत्या. लेबनीज लोक बक्लावाला वापरतात त्याच. सर्बियन भाषेत त्यांना 'कोरे' म्हणतात. चीज म्हणून तिथलं अकावी, रात्रभर पाण्यात ठेवून खारटपणा काढलेलं, आणि त्यात लबने, म्हणजे सरळ आपला चक्का. पण वोदनिकचं मन 'कायमाक'मध्ये अडकलेलं. तो झ्लातिबोर डोंगराकडचा. तापवलेल्या दुधावरची साय काढायची, मीठ घालून थरावर थर द्यायचे आणि मुरू द्यायचं, हे कायमाक. त्याच्या भागात ते फार नावाजलेलं. मी म्हटलं, आमच्या आयाही रोज साय काढून ठेवतात, फक्त आम्ही तिचं लोणी-तूप करतो. तो म्हणाला, "मग तुमच्याकडे अर्धी गिबानित्सा रोजच तयार असते."

नावाचं त्याने असं सांगितलं की मूळ क्रियापद 'गिबाती', म्हणजे हलणं, झुलणं, दुमडणं. शब्द जुना आहे, वुक कराजिच यांच्या १८१८ च्या सर्बियन शब्दकोशातही तो आहे. याच पदार्थाला 'गुझ्वारा' असंही म्हणतात. 'गुझ्वाती' म्हणजे चुरगळणं. करताना कळलं की खरं नाव हेच शोभतं. चांगल्या, न फाटलेल्या पाऱ्या बाजूला काढायच्या. दोन तळाला, दोन वर. उरलेल्या, फाटलेल्या, कोपरे तुटलेल्या सगळ्या पाऱ्या एकेक करून चीजच्या पातळ मिश्रणात बुडवायच्या, मुठीत हलक्या चुरगळायच्या आणि ट्रेमध्ये शेजारी शेजारी बसवायच्या. दाबायच्या नाहीत. त्या सुरकुत्यांमध्येच सारण धरून राहतं आणि भाजताना वाफ खेळते. मिश्रणात साधा सोडा, म्हणजे बुडबुड्यांचं पाणी, घालतात, त्याने पदार्थ फुलतो. आणि अंडी. त्याने एका ट्रेला पाच अंडी फोडली.

तेव्हा मी बोलून गेलो की हे आईला करून घालायला आवडलं असतं, पण ती अंडं खात नाही. त्याला यात नवल वाटलं नाही. त्यांच्याकडेही बुधवार, शुक्रवार आणि नाताळ-ईस्टरच्या आधीचे कित्येक आठवडे उपास असतो. मांस, अंडी, दूध काही नाही. ज्यांची स्लावा १९ डिसेंबरला येते, संत निकोलसची, त्यांच्या घरी पाहुण्यांनाही मासेच वाढतात, कारण तो दिवस उपासाच्या काळात पडतो. त्याने विचारलं, "किती दिवसांचा उपास?"

मी म्हटलं, "जन्मभराचा."

"का?"

मग सांगावं लागलं. १९९९ च्या उन्हाळ्यात मी एकवीस वर्षांचा होतो, द्रासला लाइन टाकत होतो. तोफगोळ्याने लाइन तुटायची, आम्ही जोडायचो, पुन्हा तुटायची. घरी पत्र जायला वेळ नव्हता, आणि लिहिलेलं वेळेवर पोचायचं नाही. माण तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा एक टीव्ही सरपंचांकडे आणि एक शाळेत. आई दोन्हीकडे जायची नाही. ती पोस्टमनची सायकल दिसेपर्यंत उंबऱ्यात बसायची. सत्तेचाळीस दिवस माझं काही कळलं नाही, हे तिने भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा मोजून मला नंतर सांगितलं. तिने पंढरीच्या विठोबाला शब्द दिला होता की पोरगं धड परत आलं तर माळ घालीन. मी धड आलो. आषाढी उलटून गेली होती, म्हणून कार्तिकीला जाऊन तिने तुळशीची माळ घातली. आमचं घर काही शाकाहारी नव्हे, आईच्या हातचं मटण खायला पाव्हणे वाट वाकडी करून यायचे. ते सगळं तिने त्या दिवशी सोडलं. अंडंसुद्धा.

वोदनिकने हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाला, "१९९९?" मी म्हटलं, "मे, जून, जुलै." तो म्हणाला, "आमचं मार्च ते जून."

२४ मार्च ते १० जून १९९९, अठ्ठ्याहत्तर दिवस नाटोची विमानं त्याच्या देशावर बाँब टाकत होती. तो एकोणीस वर्षांचा, सक्तीच्या भरतीतला शिपाई, दक्षिणेकडे कुठेतरी खंदकात. त्या युद्धाचं बरंवाईट आम्ही दोघांनी काढलं नाही. युनिफॉर्ममध्ये असताना आम्ही तसलं बोलत नाही, आणि त्यात कोणाकोणाची माणसं गेली हे दोघांनाही माहीत होतं. त्याने फक्त आईचं सांगितलं. मेच्या सुरुवातीला विजेच्या यंत्रणेवर हल्ले झाले आणि देशाचा मोठा भाग अंधारात गेला. त्याच्या घरी लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी होती. त्यांच्याकडे तिला 'स्मेदेरेवात्स' म्हणतात, स्मेदेरेवो गावाच्या कारखान्यावरून. वीज नसल्यामुळे शेजारच्या चार घरांचा स्वयंपाक त्या एका शेगडीवर. त्याची आई दर रविवारी गिबानित्सा करायची आणि त्याच्या वाट्याचा कोपरा कापून बाजूला ठेवायची. संध्याकाळी तो कोपरा शेजारच्या पोराला द्यायची. पुढच्या रविवारी पुन्हा.

एवढं बोलून त्याने भांडं पुन्हा उचललं आणि म्हणाला, "तुझ्या आईसाठी अंड्याशिवाय करता येईल. ग्रिझ घाल." ग्रिझ म्हणजे रवा. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या की त्याची आजी मिश्रणात रवा घालायची, रवा पाणी धरून ठेवतो आणि सारण वाहत नाही. मग त्याने बजावलं ते मला सुचलंही नसतं. जुन्या पद्धतीचं चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. "बाजारातलं सिर घेऊ नको. तुझी आई ते खाणार नाही." दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या धर्माचा माणूस माझ्या आईच्या माळेची अशी काळजी घेत होता.

२०२२ मध्ये पेन्शनवर घरी आलो आणि घरी तीस लिटरचा ओव्हन घेतला. तेव्हापासून हे आमच्या घरी होतंय. आता कृती सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्यासाठीच थांबले असतील.

दोन लिटर म्हशीचं दूध दह्याच्या निवळीने किंवा लिंबाने फाडून पनीर करायचं. वजन देऊन कडक करायचं नाही, हाताने मोकळं करायचं. त्यात मोठी वाटी आंबटसर चक्का आणि वाटीभर साय. ही साय मीठ लावून तीन दिवस फ्रिजमध्ये मुरवलेली हवी. नुसतं पनीर गोडसर लागतं, चक्का आणि मुरलेली साय यांनी त्याला तो खारा-आंबट सूर येतो. चार मोठे चमचे बारीक रवा, अर्धा चमचा खायचा सोडा, चवीला मीठ, अर्धी वाटी तेल आणि ग्लासभर साधा सोडा. गोड सोडा नव्हे. हे भज्यांच्या पिठाहून थोडं पातळ असू द्या आणि वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे रवा फुलतो. अंडी खाणाऱ्यांनी रव्याऐवजी चार अंडी फेटून घालावीत.

पाऱ्या शहरात तयार मिळतात, दहिवडीच्या बाजारात मिळत नाहीत. मी अर्धा किलो मैदा, चमचाभर मीठ, दोन चमचे तेल, थोडा लिंबाचा रस आणि कोमट पाण्याने सैलसर भिजवतो, चांगला दहा-बारा मिनिटं तिंबतो आणि तेल लावून तासभर ठेवतो. मग टेबलावर स्वच्छ सुती चादर पसरून त्यावर पीठ भुरभुरायचं, गोळा लाटायचा आणि हाताच्या पालथ्या बाजूने चहूकडून ओढत न्यायचा, खालच्या चादरीची नक्षी दिसेपर्यंत. फाटलं तर फाटू द्या, ते तुकडे आत जाणारच आहेत. पाऱ्या पाच-दहा मिनिटं वाळू द्यायच्या.

पहिल्यांदा हे चाललं होतं तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. "काय रं, चांगली चादर पिठात घातलीस?" मग जवळ आली, माझा हात पाहिला, आणि तिचा चेहराच बदलला. "आगं बया, हे तर मुक्ताईचं मांडं!" ज्ञानोबांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले, ही कथा तिने कीर्तनात शंभरदा ऐकलेली. आळंदीला एका बाईला हातावर मांडा वाढवताना तिने डोळ्यांनी पाहिलंही होतं. तिने पदर खोचला, हात धुऊन आली आणि टेबलाची दुसरी बाजू धरली. मी माझ्याकडे ओढायचो, ती तिच्याकडे. तिच्या बाजूची पारी एकदाही फाटली नाही.

ट्रेला तेल लावून तळाला दोन अख्ख्या पाऱ्या, कडा बाहेर लोंबत्या. मग चुरगळलेल्या पाऱ्या मिश्रणात बुडवून मांडायच्या, उरलेलं मिश्रण वरून ओतायचं, बाहेरच्या कडा आत दुमडायच्या, वर दोन अख्ख्या पाऱ्या आणि तेलाचा हात. दोनशे अंशांवर पंधरा मिनिटं, मग एकशे ऐंशीवर तीस ते पस्तीस मिनिटं. वरचा रंग खरपूस झाला की बाहेर काढून पाण्याचा हबका मारायचा आणि कापड झाकून पंधरा मिनिटं ठेवायचं, नाहीतर वरची पारी पापडासारखी कडक राहते. चौकोनी तुकडे कापायचे. सर्बियात याबरोबर पातळ घोटलेलं दही पितात, आमच्याकडे ताक चालतं.

रव्याची गिबानित्सा अंड्याच्या इतकी फुलत नाही आणि कापल्यावर थोडी दाट दिसते. पण आतला ओलावा आणि तो खारा, सायीचा वास तोच येतो. पोरांसाठी अंड्याचा ट्रे वेगळा, आईचा ट्रे वेगळा, सुरीसुद्धा वेगळी. आमच्या सौभाग्यवतींनी आईच्या ट्रेच्या कडेला लाल दोरा बांधून ठेवलाय.

आईने पहिल्या दिवशी कोपऱ्याचा तुकडा घेतला, ताकाबरोबर सावकाश खाल्ला आणि आणखी एक मागितला. हल्ली तिचं जेवण पाखराएवढं झालंय, म्हणून मी काही न बोलता वाढला. ती खातच होती आणि मी वोदनिकच्या आईच्या शेगडीचं सांगत होतो. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "त्येच्या आईला आता कोण करून घालतं का रं?"

मी रात्री त्याला ट्रेचा फोटो पाठवला आणि आईचा प्रश्न विचारला. उत्तर आलं, "अंड्याशिवाय आहे, म्हणून आमच्या गावात याला गिबानित्सा म्हणणार नाहीत. तुझ्या आईला हे सांगू नको. माझ्या आईचे हात आता थरथरतात. रविवारी मी करतो. ती खुर्चीत बसून मीठ कमी आहे म्हणते."

ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठरवलं की युनिफिलचं काम डिसेंबर २०२६ अखेर थांबवायचं आणि पुढच्या वर्षभरात सगळ्यांनी परतायचं. म्हणजे एबेल एस साकीचा आपला लंगरही एक दिवस बंद होणार आणि मार्जायूनजवळचं ते कुकहाउसही. तिथे अजून आपली जी पोरं ड्यूटीवर असतील, त्यांना माझं एकच सांगणं. परत येताना शेजारच्या कंटिंजंटच्या कुकहाउसमध्ये एक सकाळ उभे राहा आणि कुणाची आई काय करते ते विचारून घ्या.

आमच्याकडे आता एकादशीला आईचा उपास असतो आणि बारशीला सकाळी तो गिबान्याने सुटतो. दशमीलाच साय मीठ लावून ठेवली की नाही, हे ती स्वतः फ्रिज उघडून बघते.

जय हिंद.